दाट वस्तीत सॅटेलाइट इंटरनेट: स्पीड मिळणार की नुसती हवा?

कोपरीकर:
आमच्या बिल्डिंगमध्ये एकच नेटवाला, बिल्डरने काय सेटिंग केलंय देव जाणे, दुसऱ्या कोणाला डक्टमध्ये वायर टाकूच देत नाहीत आणि रस्ता खोदला की नेट गायब. म्हणून माझं मत, स्टारलिंक (इलॉन मस्कच्या कंपनीचं सॅटेलाइट इंटरनेट) आपल्याकडे सुरू झालं की शहरवाल्यांनी पण घ्यावं. जून २०२५ मध्ये लायसन्स मिळालंय, सॅटेलाइट ५५० किमीवर, जुन्यासारखं ३६ हजार किमी वर जाऊन यायची भानगड नाही, म्हणजे पिंगही (सिग्नल जाऊन परत यायला लागणारा वेळ) मस्त. डिश लावा, विषय संपला. पटत नसेल तर बोला.

बिनतारी:
नाही पटत. पिंग वेगळा, स्पीड वेगळा राव. पिंग अंतरावर ठरतो, तो चांगला येईलच. स्पीड ठरतो एका बीमखाली, म्हणजे सॅटेलाइट जमिनीच्या एका तुकड्यावर टाकतो त्या सिग्नलच्या झोताखाली, किती जण बसलेत त्यावर. स्टारलिंक जमिनीचे षटकोनी तुकडे पाडतं, एकेक साधारण वीस-पंचवीस किमी रुंद. आता कुलाबा ते दहिसर मोजा, दोन-तीन तुकड्यांत अख्खी मुंबई, २०११ च्या जनगणनेत जवळपास सव्वा कोटी माणसं! तुझ्या फायबरला साध्या जीपॉनवर (एकच फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) सेकंदाला अडीच गिगाबिट ३२ नाहीतर ६४ घरांत वाटतात आणि गिऱ्हाईक वाढलं की नेटवाला अजून एक फायबर ओढतो. आकाशात स्पेक्ट्रम (सिग्नलसाठी मिळणाऱ्या रेडिओ लहरींचा पट्टा) तेवढाच, तो ओढून वाढत नाही. मस्क स्वतः २०२० मध्ये म्हणाला होता की लॉस एंजेलिससारख्या शहरात फार गिऱ्हाइकं घेता येणार नाहीत.

कोपरीकर:
२०२० चं काय घेऊन बसलायस, आता हजारो सॅटेलाइट आहेत वर.

बिनतारी:
हजारो असूनही नोव्हेंबर २०२४ मध्ये नैरोबीत नवीन कनेक्शन बंद केली होती, सोल्ड आउट म्हणून. लंडनमध्येही तेच झालं.

नाशिकची_मावशी:
बिनतारी, तुमचं गणित सगळी मुंबई डिश लावेल असं धरून चाललंय. कशाला लावेल? फायबर चार-पाचशे रुपयात मिळतंय. ट्रायने (दूरसंचार नियामक) तर मे २०२५ मध्ये शिफारस केलीय की शहरी ग्राहकामागे कंपनीकडून वर्षाला ५०० रुपये जादा घ्यावेत. म्हणजे शहरात महागच राहणार, महाग म्हणून थोडेच लोक घेणार, आणि थोडे लोक म्हणून स्पीड बरा मिळणार. स्वस्त झालं की मग मरणार!

बिनतारी:
हे मात्र बरोबर. पण मावशी, डिश लावणार कुठे? डीटीएचची छत्री एका दिशेला बघत बसते, कारण तो सॅटेलाइट आपल्याला एका जागी दिसतो. हे सॅटेलाइट सतत सरकत असतात, त्यामुळे आकाश चांगलं रुंद उघडं लागतं. समोर तीस मजली टॉवर असेल तर दर थोड्या वेळाने लिंक तुटणार, बाल्कनी बाद. राहिली गच्ची, आणि गच्चीची परवानगी देणार तीच कमिटी जी डक्टमध्ये वायर टाकू देत नाही 😂

भामरागड_रोड:
तुमची डक्ट-गच्चीची भांडणं वाचून गंमत वाटली. इकडे मोबाईलला रेंज मिळाली तरी खूप. राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकशी करार केला तो गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिमसाठी, मुंबईसाठी नाही. शहरवाल्यांनी ह्यात हात घालू नये.

कोपरीकर:
दादा, मी घेतलं म्हणून तुमचं काय जातंय? तुमचा बीम वेगळा, माझा वेगळा. उलट शहरवाल्यांच्या पैशावरच ती कंपनी जंगलात सर्व्हिस देईल.

भामरागड_रोड:
बीम वेगळा, मान्य. पण जुलै २०२५ मध्ये केंद्रातल्या दूरसंचार राज्यमंत्र्यांनी सांगितलं की स्टारलिंकला देशभरात २० लाखच गिऱ्हाइकं घेता येतील. तो आकडा पुण्या-मुंबईच्या बॅकअपवाल्यांनीच भरला तर आम्ही काय करायचं?

नाशिकची_मावशी:
हा मुद्दा आवडला, ह्याला उत्तर नाही माझ्याकडे.

बिनतारी:
कोपरीकर, तू सरळ ५जी वालं वायरलेस (मोबाईल टॉवरवरून घरात येणारं नेट) घे की. टॉवर काही शे मीटरवर असतो, तोच स्पेक्ट्रम पुढच्या गल्लीत परत वापरता येतो, सॅटेलाइटला तीच सोय वीस किमीला एकदा. शहरात हाच फरक आहे सगळा.

कोपरीकर:
विचारलं होतं. त्याचा बॉक्स पण बाहेरून लावायचा तर कमिटीची एनओसी लागते म्हणे, आणि चेअरमन गावाला गेलेत. गणपतीनंतर बघू म्हणाले सेक्रेटरी.