मदत हवी: बाबा सोडत नाहीत, निदान त्रास तरी कमी व्हावा

वणीची_लेक: समजावून, रडून, भांडून झालं. ‘सोडायला लावा’ हे कोणी सांगू नका. सोडणार नसतील तर नुकसान कमी कसं करायचं, एवढंच सांगा. लवकर.

सातबारा: काय सोडत नाहीत ताई? दारू का खर्रा?

वणीची_लेक: ओढतात हो. बिडी.

नाक्यावरचा: फिल्टरवाली लाईट सिगारेट द्या.

औषधवाला: काही उपयोग नाही, माणूस झुरका खोल घेतो. बिडी तर विझू नये म्हणून सारखी ओढावी लागते, धूर जास्तच जातो.

नाक्यावरचा: मग वेप, म्हणजे ई-सिगारेट?

औषधवाला: 2019 पासून विक्रीवर बंदी आहे.

पंचगंगा: मावा द्या, धूर तरी नाही.

कपाशीवाला: मावा पडला असन त 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. पानाच्या खालून मारा, वरून मारून काई फायदा नाई.

सातबारा: भाऊ, ते खर्ऱ्याले मावा म्हणून राहिले! अन् ताई, ऐकू नका त्यायचं. खर्ऱ्यापायी आमच्या भावाचं तोंड दोन बोटं बी उघडत नाई. भाकर कुस्करून, दुधात भिजवून खाते.

औषधवाला: दिवसाला किती? शुगर, बीपी?

वणीची_लेक: एक बंडल. शुगर आहे. निकोटिनची गोळी, म्हणजे च्युइंग गम, आणली होती, चहासोबत चॉकलेटसारखी चावली. उचक्या लागल्या, अंगणात थुंकली.

औषधवाला: शुगर आधी सांगायची ना! ती गोळी चघळत राहायची नसते. थोडी चावायची, तिखट लागली की गालात दाबून ठेवायची, चव गेली की पुन्हा चावायची. आधी पंधरा मिनिटं चहा नको. 2 मिलिग्रॅमची चिठ्ठीशिवाय मिळते, हृदयाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून. बिडी चालू असतानाही घेता येते. एकेका बिडीच्या जागी एक. सवय निकोटिनची, पण कॅन्सर मुख्यतः धुराने. आणि खोटा दिलासा देत नाही: रोज एकच सिगारेट ओढली तरी हृदयाचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा राहतो. शुगर-बीपीच्या गोळ्या चुकवू नका, फ्लू-न्यूमोनियाच्या लसीचं विचारा. खोकल्यात रक्त दिसलं तर थांबू नका. 1800-11-2356 या तंबाखू सोडण्याच्या हेल्पलाइनवर फुकट बोलता येतं.

कपाशीवाला: आमच्याकडं तंबाखूचं पाणी बी फवारत होते पयले.

वणीची_लेक: पहिली बिडी पहाटे चहानंतरच लागते. मग चहा आधी की गोळी?

औषधवाला: गोळी. ती थुंकल्यावरच चुलीवर चहा ठेवा.