कॉर्न फेरी टूरची 30 कार्डं होती ती 20 केली, हे बरोबर आहे का?

विचिटाकर
इथे गोल्फवर फारसं कोणी लिहीत नाही, तरी भीत भीत धागा काढतोय. अमेरिकेत पीजीए टूर म्हणजे गोल्फच्या सगळ्यात वरच्या व्यावसायिक स्पर्धांची मालिका, आणि तिच्या खालची पायरी म्हणजे कॉर्न फेरी टूर, आपल्याकडची रणजी समजा. वर्षभर खेळायचं, गुणतक्त्यात वर राहिलात की पुढच्या वर्षी पीजीए टूरचं कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा हक्क. 2023 आणि 2024 ला पहिल्या 30 जणांना कार्ड होतं, 2025 पासून फक्त 20. मला हा सरळ सरळ अन्याय वाटतो.

आमच्या विचिटात (कॅन्सस राज्य) 1990 पासून या टूरची एक स्पर्धा होते आणि गावातली घरं खेळाडूंना आठवडाभर ठेवून घेतात. एका वर्षी आमच्याकडे एक पोरगा होता. रात्री जेवण झालं की हा फोन घेऊन बसायचा, आम्हाला वाटायचं गर्लफ्रेंडशी बोलतोय, तर हा पुढच्या स्पर्धेला गाडीने किती तास लागतील आणि पेट्रोल किती जाईल ते बघत असायचा. जानेवारीत बहामाज, मग पनामा, बोगोटा, अर्जेंटिना, चिली, आणि मग ऑक्टोबरपर्यंत अमेरिकाभर वणवण. हॉटेल, विमान, कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) सगळं स्वतःच्या खिशातून, आणि दोन दिवसांनी कट हुकला, म्हणजे पुढे खेळणाऱ्यांत नाव आलं नाही, की बक्षीस शून्य. एवढं सगळं करून माणूस 24 वा आला तर त्याला म्हणायचं पुढच्या वर्षी परत या?

पुटरपंत
अन्याय बिन्याय शब्द जरा जपून वापरा हो. 1990 ला ही टूर बेन होगन टूर म्हणून सुरू झाली तेव्हा कार्डं किती होती? 5. फक्त पाच! तेव्हाचे लोक काय रडत बसले का. आणि वर जागा नसताना कार्डं वाटून करायचं काय? नव्या पोरांना कार्ड मिळायचं पण स्पर्धेत एन्ट्रीच मिळायची नाही, यादीत नाव लावून वाट बघायची. शिवाय 156 जण खेळवले की उन्हाळा सोडून कधीही शुक्रवारी अंधार पडायचा आणि कट शनिवारी सकाळी लागायचा. म्हणून वरच्या स्पर्धांतही खेळाडूंची संख्या कमी केली, आणि पूर्ण हक्काचं कार्ड असणारे 125 होते ते 2026 पासून 100 केले. वरच्यांचंही कापलंय, नुसतं खालच्यांचं नाही.

विचिटाकर
पंत, 1990 चा दाखला अर्धा देताय तुम्ही. तेव्हा पाच होती कारण क्यू-स्कूल नावाच्या पात्रता स्पर्धेतून थेट पीजीए टूरचं कार्ड मिळत होतं आणि तो दरवाजा भलामोठा होता. 2013 पासून तो बंद केला आणि सांगितलं की आता सगळ्यांनी खालच्या टूरवरूनच यायचं. 2023 ला परत उघडला तो पाच जणांपुरता. म्हणजे आधी सगळी गर्दी एका जिन्यावर आणायची आणि मग जिनाच अरुंद करायचा.

आजोबांची_मशी
कॉर्न फेरी म्हणजे कणसाचं काहीतरी आहे का

पुटरपंत
नाही हो, नोकरभरतीची कंपनी आहे, स्पॉन्सर. आधी नायकी, मग बायडॉटकॉम, नेशनवाइड, वेबडॉटकॉम अशी नावं बदलत गेली.

ग्लेनव्ह्यूची_ताई
मी पंतांच्या बाजूने. जो खरंच चांगला आहे तो 20 त येतोच येतो. स्कॉटी शेफलर, एवढा मोठा खेळाडू, 2019 ला याच टूरवर होता, दोन स्पर्धा जिंकला, त्यातली एक आमच्या शिकागोजवळच्या ग्लेनव्ह्यूची. मॅट मॅकार्टीने 2024 ला एका मोसमात तीन जिंकल्या, तर नियमाप्रमाणे मोसम संपायच्या आत वर पाठवला, आणि ऑक्टोबरात युटामध्ये पीजीए टूरची स्पर्धापण जिंकून बसला. जॉनी कीफर तर 2024 ला त्याच्याही खालच्या टूरवर पहिला आणि 2025 ला इथे पहिला. याला कुठे आडवा आला तुमचा अरुंद जिना?

विचिटाकर
ताई, पहिल्या नंबरवाल्याची काळजी मी करतच नाहीये. जेक नॅप आठवा. टूरवरचं स्थान गेलं म्हणून नाइटक्लबच्या दारावर बाउन्सर म्हणून उभा राहिला होता, परत आला, 2023 ला कार्ड मिळवलं आणि 2024 ला मेक्सिको ओपन जिंकला. अशा माणसाला एक जास्तीचं वर्ष मिळणं न मिळणं यावर सगळं असतं.

ग्लेनव्ह्यूची_ताई
पण नॅप 20 च्या आतच होता की त्या वर्षी! तुमचंच उदाहरण तुमच्यावर उलटलं 😄

विचिटाकर
हो, तेवढं मान्य. पण 20 वा आणि 21 वा यात फरक किती असतो सांगा. जिंकणाऱ्याला 500 गुण, आणि मोसमाच्या शेवटच्या स्पर्धेत फ्रेंच लिक या गावी 75 जण खेळतात तिथे एक पट (भोकाजवळचा हलका फटका) हुकला की माणूस चार जागा खाली जातो. गोल्फमध्ये नशीब फार. क्रिस्टोबल डेल सोलारने 2024 ला बोगोटात एका फेरीत फक्त 57 फटके मारले, सत्तावन्न, या टूरवर कधीच कोणी एवढे कमी मारले नव्हते, आणि ती स्पर्धा जिंकला दुसराच.

पुटरपंत
बोगोटा अडीच हजार मीटरच्या वर आहे, बॉल तिथे उडतच राहतो.

डेक्कनवाला
पुण्यातून वाचतोय. आपल्या पीजीटीआयवर, म्हणजे भारतातल्या व्यावसायिक गोल्फ टूरवर, वर्षभर खेळून जो पहिला येतो त्या एकट्याला युरोपच्या डीपी वर्ल्ड टूरचं कार्ड. 2023 ला महूचा ओमप्रकाश चौहान गेला तसा. एक! दुसरा आला की बसा घरी. आणि बक्षीस बरेचदा 1 कोटी, तेही सगळ्यांत वाटून, तिकडे दर आठवड्याला 10 लाख डॉलर. उदयन माने ऑलिम्पिकला गेला तेव्हा पुण्यात किती जणांना माहीत होतं देव जाणे. तुमचं 20 का 30 वाचून हसू आलं, राग मानू नका.

विचिटाकर
राग नाही, पण इकडे जेवण कमी आहे म्हणून तिकडच्याचं ताट काढून घ्यायचं हा कुठला न्याय? पीजीटीआयला पाच द्या म्हणा, मी सही करतो.

ग्लेनव्ह्यूची_ताई
बरं तुमच्याकडे राहिलेल्या पोराचं काय झालं शेवटी? कितवा आला?

विचिटाकर
विचिटात कट हुकला. शुक्रवारी दुपारीच गाडी काढली, चादरी स्वतः घड्या करून ठेवल्या होत्या. त्या वर्षी कितवा आला ते मी मुद्दाम बघितलं नाही.