आईने जे सांगितले नाही ते लेकीने विचारावे का? (मराठवाडा, १९४८)

मूळ मांडणी (धाराशिव)
सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील करून घेण्यासाठी भारतीय सैन्याची ‘पोलीस कारवाई’ झाली, निजामाने शरणागती पत्करली आणि त्यानंतर मुसलमान वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. त्यांची चौकशी करण्यासाठी नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने किमान २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि नांदेड हे आपले दोन जिल्हे होते. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. माझी अम्मी तेव्हा आठ वर्षांची होती. तिचे वडील आणि दोन भाऊ त्या दिवसांत मारले गेले, हे मला खालाने (मावशीने) सांगितले, तेही अम्मीच्या नकळत. अम्मीने आम्हा बहिणींना विहिरीजवळ कधी फिरकू दिले नाही, आणि त्याचे कारणही कधी सांगितले नाही. अहवालातील प्रेतांनी भरलेल्या विहिरींचे वर्णन वाचल्यावर मला ते उमगले. आता मीही माझ्या मुलीला विहिरीजवळ जाऊ देत नाही. कारण न सांगता दिलेली भीती अशी पुढे जात राहते, म्हणून आई हयात असेपर्यंत लेकींनी विचारावे आणि लिहून ठेवावे, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद (परभणी)
ताई, आपल्या दुःखाचा पूर्ण आदर राखून असहमती नोंदवतो. आपल्या अम्मी त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांमध्ये राहिल्या, त्यांच्याच दुकानातून किराणा आणला, त्यांच्या लग्नकार्यांना गेल्या. बोलल्या असत्या तर नावे निघाली असती, आणि नावे निघाली असती तर लेकरांना तिथे वाढवणे अशक्य झाले असते. इतक्या विचाराने राखलेले मौन आपण केवळ आपल्या मनाच्या समाधानासाठी मोडावे का? रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर गावोगावच्या गचाचा न्यायसभा उघड्यावर भरल्या, परंतु बलात्काराच्या खटल्यांसाठी तिथेही बंद दाराआड सुनावणीची तरतूद करावी लागली. काही गोष्टी चारचौघांत सांगण्याची सक्ती हा दुसरा अत्याचार ठरतो.

प्रतिसाद (नांदेड)
मी दुसऱ्या बाजूच्या घरातली आहे. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेच्या भीतीने माझ्या आजोळचे लोक घरदार सोडून संस्थानाच्या हद्दीपलीकडे गेले होते, आणि ती हकिकत मामा दरवर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, अभिमानाने सांगतात. त्या हकिकतीत माझ्या आईची आत्या नाही. तिला वाटेत पळवून नेले आणि ती परत आली नाही, एवढेच आईने मला स्वयंपाकघरात, तेही एकदाच, सांगितले. परभणीच्या दादांना माझे विचारणे आहे की, हे मौन बायकांनी राखले असे आपण म्हणता, पण त्यांना बोलायचे आहे का, हे कोणी कधी विचारले? आमच्या घरात तरी आत्याचे नाव घ्यायचे नाही, हे पुरुषांनी ठरवले होते.

प्रतिसाद (परभणी)
हे मला मान्य आहे, घरातल्या पुरुषांचा विचार मी केला नव्हता. तरीही विचारणारी लेक पुण्या-मुंबईला राहते आणि उत्तराचे परिणाम गावातल्या भावाच्या घराला भोगावे लागतात, हा माझा मुद्दा तसाच उभा आहे. विशेषतः आज, जेव्हा एका बाजूचे मृत मोजून दुसऱ्या बाजूला शिव्या देणारे पुष्कळ आहेत, तेव्हा अशा नोंदी कोणाच्या हाती पडतील याची खात्री कोण देणार?

मूळ मांडणीकर्ती
मी गावातच राहते, दादा. तुमची भीती खरी आहे आणि म्हणूनच मी काहीही छापणार नाही. अम्मीला एकदा विचारीन. ती नको म्हणाली तर पुन्हा विचारणार नाही. पण खालाकडून जे कळले ते माझे आहे, आणि ते मी माझ्या मुलीला सांगणार आहे: तिच्या पणजोबांचे नाव आणि त्यांच्या दोन्ही मुलांची नावे, आणि विहिरीजवळ मी तिला का अडवत आले ते. मारणारे कोण होते हे मला ठाऊक नाही, आणि ते मी शोधतही नाही.