स्वतःवर निबंध लिहायचाय, पहिली ओळच येत नाहीये

वाशिष्ठीकाठची
मी चिपळूणची, नववीत आहे. मराठीच्या सरांनी ‘माझ्या आयुष्यातला एक प्रसंग’ लिहायला सांगितलाय. दोन पानं, सोमवारपर्यंत, आणि गाईडमधलं अजिबात चालणार नाही. आतापर्यंत मी नदीचं मनोगत, फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त, शाळेच्या घंटेची कैफियत असलं सगळं लिहिलंय. मार्कही बरे पडतात. छत्रीच्या वतीने भराभर सुचतं, माझ्या स्वतःच्या वतीने काही येतच नाही.

मोठा प्रसंग म्हणाल तर एकच, २२ जुलै २०२१ चा पूर. तेव्हा मी पाचवीत होते. पण वर्गात आम्ही ४३ जण, त्यातले निम्मे तरी पूरच लिहिणार. सरांच्या घरातही पाणी होतं. त्यांना मी नवीन काय सांगू?

चार सुरुवाती लिहून खोडल्या:
‘निसर्गापुढे माणूस हतबल असतो.’
‘आजही तो दिवस आठवला की अंगावर काटा येतो.’ (येत नाही खरं तर.)
‘धो धो पाऊस कोसळत होता.’
‘त्या दिवशी गुरुवार होता.’

कट्ट्यावरचा बंड्या
एखादी म्हण टाक सुरुवातीला, शेवटी सुविचार. आम्ही दहावीपर्यंत तेवढ्यावरच काढली.

लाल शाईवाल्या बाई
बंड्या, तुझ्यासारख्यांचे पेपर मी २६ वर्षं तपासले. म्हण आली की आम्ही थेट दुसऱ्या परिच्छेदावर जायचो.

बाळ, चारांपैकी गुरुवारवाली त्यातल्या त्यात बरी. निदान ती खरी आहे. दहावीला प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक यांतला एक प्रकार ८ गुणांना येतो. आम्ही शिक्षक आत्मकथन म्हणून तुमच्याकडून छत्र्या आणि घंटाच बोलत्या करून घेतो, त्यामुळे ‘मी’ लिहायची वेळ आली की मुलं बिचकतात. त्यात तुझा दोष नाही.

आता पूर घटकाभर बाजूला ठेव. तुमच्या घरात असं काय भिजलं, जे शेजारच्यांकडे नव्हतंच? निबंध म्हणून लिहू नकोस, मला नुसतं सांग.

वाशिष्ठीकाठची
बाबांची मापवही.

बाबा टेलर आहेत. पुढे दुकान, मागे आम्ही. पाणी चढायला लागलं तेव्हा बाबांनी मशीनचं हेड काढून माळ्यावर ठेवलं. २००५ ला पाणी कुठवर आलं होतं त्याची भिंतीवर खूण आहे, माळा तिच्याही वर. गिऱ्हाइकांच्या कपड्यांची गाठोडी आईने वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे नेली. मापवही टेबलाच्या ड्रॉवरमध्येच राहिली. पाणी माळ्यावरही गेलं, पण मशीन नंतर तेलपाणी करून चालू झालं. ड्रॉवर फुगून बसला होता, तो हातोडीने फोडला. आत वही होती, पण जेलपेनाने लिहिलेली. आईने सुरीने एकेक पान सोडवलं. सगळी पानं नुसती निळी.

मग बाबांनी सगळ्यांची मापं नव्याने घ्यायला सुरुवात केली. शाळा ऑनलाइन आणि आमचा फोन गाळात, म्हणून मी रिकामीच. बाबा टेप लावून बोलायचे, मी लिहायचे. ‘खांदा साडेचौदा, बाही पावणेनऊ.’ मला पावणे म्हणजे नेमकं किती ते कळायचं नाही, मी पावणेनऊला सव्वानऊ लिहिलं आणि एक ब्लाउज बिघडला. त्या काकू काही बोलल्या नाहीत, त्यांच्या घरचंही सगळं गेलं होतं. एका आजोबांना मात्र बाबांनी टेप लावलीच नाही. म्हणाले, ‘तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली आहे, ते वहीत कधीच नव्हतं.’

पण हे काय लिहिण्यासारखं आहे का? यात पूर कुठेय?

लाल शाईवाल्या बाई
ड्रॉवर फोडावा लागला, त्यात आहे. आता जे टाइप केलंस तेच वहीत उतरव. फक्त सुरुवात पावसापासून करू नकोस, तो तुझ्या सरांनीही पाहिलाय. बिघडलेल्या ब्लाउजपासून कर. पाणी आपोआप येईल मागून. आणि ‘हतबल’ हा शब्द कुठेही दिसला तर मी चिपळूणला येईन.

पनवेलची सुई
मी फॉल-पिकोची कामं घेते. एवढंच सांगते, बाबांना एकदा विचार की पहिलं माप त्यांनी कोणाचं घेतलं. तुला आठवत नसेल, त्यांना आठवत असणार. आणि ते बोलत असताना मध्ये थांबवू नको.

कट्ट्यावरचा बंड्या
माझा सल्ला मागे घेतो. त्या ब्लाउजचं पुढे काय झालं?

वाशिष्ठीकाठची
बाहीची शिवण आत घेऊन दिला. अजून वापरतात त्या.

रात्री एवढं झालंय:

‘पावणेनऊ म्हणजे किती, हे मला पूर आला म्हणून कळलं. त्याआधी मी एका काकूंची बाही अर्ध्या इंचाने ढगळ करून ठेवली होती.’

पुढे दीड पान एका दमात आलं. बाबांना विचारलं, पहिलं माप कोणाचं. म्हणाले, ‘तुझ्या आत्याचं, परकराचं, आणि तोही आखूड झाला होता.’ मग वही मागून घेऊन सगळं वाचलं. एकच म्हणाले, काकूंच्या बाहीचं माप खोड, गिऱ्हाइकाचं माप बाहेर सांगायचं नसतं.

बाई, पण मग पहिली ओळच जाते. काय करू?

लाल शाईवाल्या बाई
आकडा बदल. पावणेअकरा कर. बाबांना दाखवून मगच दे.