मदत हवी आहे : आजीने माझ्या पेढ्यांसाठी बांधून ठेवलेले पैसे

नमस्कार. मी मिरज तालुक्यातील एका गावची आहे. गेल्या आठवड्यात लोकसेवा आयोगाच्या निवड यादीत माझे नाव आले. परंतु ज्या आजीने या दिवसाची सहा वर्षे वाट पाहिली, ती अडीच महिन्यांपूर्वी गेली.

आजीला अक्षरओळख नव्हती. आमची हळदीची शेती आहे. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मी अभ्यास सोडायला निघाले, तेव्हा ती मला रानात घेऊन गेली आणि एक गड्डा उकरून दाखवत म्हणाली, "पाला वाळला म्हंजी पीक गेलं आसं नसतंय, बाळ. खाली हळद भरत असती."

मुलाखतीच्या तयारीसाठी मी पुण्यात असताना तिचे दुखणे वाढले, पण मला कळवायचे नाही, असे तिने स्वतःच घरच्यांना बजावले होते. मी परतले तेव्हा तिची वाचा गेली होती. चार दिवस मी उशाशी बसून होते. मुलाखत चांगली झाली हे मी तिला पुन्हा पुन्हा सांगितले, पण ते तिच्यापर्यंत पोहोचले का, हे मला कधीच कळणार नाही. घरच्यांवर रागावावे, तर आज्ञा तिचीच होती.

हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर रक्षाविसर्जन झाले. तेराव्यानंतर आत्याने माझ्या हातात जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली पुरचुंडी ठेवली. अंडी विकून आजीने साठवलेले ते अकराशे रुपये साताऱ्याच्या कंदी पेढ्यांसाठी होते. पहिला पेढा सांगलीच्या गणपतीला ठेवायचा आणि मग वस्तीवरच्या प्रत्येक घरी मी स्वतः जाऊन द्यायचा, असे तिने आत्याला सांगून ठेवले होते.

वडील म्हणतात, वर्षश्राद्ध होईपर्यंत आपल्या घरातून गोड बाहेर जाणार नाही. गावाने ठरवलेला सत्कार आणि गुलाल मी नाकारला, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पेढ्यांची गोष्ट मात्र वेगळी वाटते. तरीही त्यांचा शब्द मोडवत नाही, कारण त्यांची आई गेली आहे आणि आजही संध्याकाळी ते तिची काठी उचलून तिच्या नेहमीच्या जागी, दाराआड ठेवतात.

आपल्यापैकी कोणाच्या घरी गेलेल्या माणसाची अशी इच्छा वर्षाच्या आत पूर्ण केली असेल, तर वडीलधाऱ्यांकडे हा विषय कसा काढला, ते कृपया सांगावे. आणखी एक विचारायचे आहे, क्षुल्लक वाटले तरी. त्या नोटा माझ्याने हातावेगळ्या होत नाहीत. त्या जपून ठेवून माझ्या पैशांनी पेढे आणले, तर ते तिचेच पेढे ठरतील का?

थोड्याच दिवसांत मला प्रशिक्षणासाठी जावे लागेल. वर्षश्राद्धापर्यंत थांबले, तर मी गावात नसेन आणि तिचे पेढे दुसऱ्याच कोणाच्या तरी हातून वाटले जातील.