किशोर कादंबरी: भाऊ गेल्यानंतरचं पहिलं प्रेम 'औषध' वाटतंय, काय बदलू?

रानजाई: नायिका अकरावीतली, थोरला भाऊ अपघातात गेलेला. मसुदा 50 हजार शब्दांचा. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार अशा दुःखाच्या पाच टप्प्यांवर आखणी आहे. चौथ्या प्रकरणात वर्गातला मुलगा येतो आणि तिथून दुःख जवळजवळ गायब होतं. मांडणी कुठे मोडू?

शाईपेन: आधी ते पाच टप्पे काढा. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969मध्ये ते मांडले ते स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते पुढे लावले गेले. त्यांवर प्रकरणं बेतली की 'स्वीकार' आणि प्रेमाची कबुली शेवटी एकत्र येतात, आणि मुलगा बक्षीस ठरतो. शोकाचा अभ्यास करणारे संशोधक स्ट्रोब आणि शूट यांची 1999ची मांडणी जास्त कामाची: माणूस कधी दुःखाकडे, कधी रोजच्या जगण्याकडे वळतो, पुन्हा मागे येतो. म्हणून प्रेमाच्या प्रत्येक प्रसंगाने तिला उलटं दुःखाकडेही ढकलायला हवं. ती पहिल्यांदा खळखळून हसते, त्याच रात्री अपराधी वाटून त्या मुलाचा मेसेज उघडत नाही.

आंबेमोहर: चौथं प्रकरण लवकर नाही, भाऊ अपुरा आहे. मुलगा येण्याआधी भावाच्या दोन-तीन ठळक खोड्या आणि एक न मिटलेलं भांडण येऊ द्या. गेलेला माणूस नुसता गुणी दाखवला तर बहिणीच्या रागाला जागाच उरत नाही.

दुःख परतायला घरातलेच प्रसंग वापरा. पहिली दिवाळी घ्या: दुखवट्यामुळे घरी कढई चढत नाही, नातेवाईक, शेजारी फराळ आणून देतात. मुलगा डबा घेऊन दारात येतो, आणि आई सवयीने चकल्या भावासाठी बाजूला काढते. संवाद जवळजवळ नकोच.

रानजाई: मग मुलाचं काम काय उरतं?

शाईपेन: त्याला स्वतःचं काहीतरी हवं असू द्या आणि एकदा त्याला चुकू द्या, म्हणजे 'आता तरी विसर ना' असं तो बोलून जाईल. तपासणी सोपी आहे. त्याचे प्रसंग बाजूला ठेवून मसुदा वाचा. भावाशी असलेलं भांडण तरीही कुठेतरी पोचत असेल तर कणा शाबूत आहे. पोचत नसेल तर त्याच्या भेटींतल्या दोन काढा आणि ती जागा आईला द्या; भाऊ गेल्यावर त्या दोघी एकमेकींशी काय बोलत नाहीत, हे या गोष्टीत अजून आलेलंच नाही.