मदत हवी आहे : अंगठ्याचा सांधा झिजलाय, १/४८ चं मिग-२१ पुरं कसं करू?

नमस्कार मंडळी,

प्लॅस्टिकची स्केल मॉडेल्स बांधणारे, आणि त्यातही सांधेदुखी सांभाळून बांधणारे कुणी इथे असतील तर मला त्यांची मदत हवी आहे. वय ६४, राहायला नाशिकला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाला लागून जो सांधा असतो तो झिजलाय. एक्स-रे झाला, डॉक्टरांनी ऑस्टिओआर्थ्रायटिस सांगितलं, लावायला डायक्लोफेनॅकचं जेल दिलं आणि "हाताची बारीक कामं कमी करा" म्हणाले. तर्जनीच्या आणि मधल्या बोटाच्या टोकाच्या सांध्यांवर गाठीही आल्या आहेत, पण त्या आता दुखत नाहीत. त्रास सगळा अंगठ्याचा.

छंद बदलण्याचा सल्ला कृपया देऊ नका. तो घरात भरपूर मिळालाय.

टेबलावर एडुआर्ड कंपनीचा १/४८ चा, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढा, मिग-२१ पीएफ या प्रकाराचा किट आहे. त्यातून मला आपल्या हवाई दलाचं एफएल प्रकारचं विमान करायचंय, ओझरला एचएएलच्या कारखान्यात बांधलेलं, आणि तेही कॅमोफ्लाज नसलेलं, उघड्या धातूच्या रंगातलं. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला तेव्हापासून मनाने घेतलंय. आवाज आला की हातातलं काम टाकून गच्चीवर धावणाऱ्या पिढीतली मी. हे विमान माझ्या हातून नीट व्हावं अशी फार इच्छा आहे.

आता नेमकं काय दुखतं ते सांगते, कारण "हात दुखतो" एवढ्यावर कुणी काय सांगणार.

निपर (भाग कापायची छोटी पक्कड) दाबताना कळ येते, पण ती क्षणभराची. खरा त्रास चिमटी धरून ठेवण्याचा. कॉकपिटच्या पितळी फोटो-एच पट्ट्या (पातळ पत्र्यातून रसायनाने कोरलेले बारीक भाग) चिमट्यात धरायच्या, सुपरग्लू लावायचा आणि तो धरेपर्यंत हलायचं नाही, एवढ्यात अंगठा पेटतो. नंतर चहाचा कप उचलतानाही दुसरा हात लावावा लागतो. बारीक ब्रशचंही तेच. ब्रशला वजन काहीच नसतं, पण दांडी जितकी बारीक तितकी मूठ आवळली जाते. एअरब्रश (हवेने रंग फवारायचं अवजार) डबल अ‍ॅक्शनचा आहे, तर्जनीने खाली दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग. तर्जनी चालते, पण खालून अंगठा सारखा आधार देत असतो. पंखाचा एक भाग होईतो तो आखडतो.

आणि सगळ्यात अवघड ते घासणं. हिरव्या-तपकिरी पट्ट्यांखाली थोडंफार खपून जातं, चंदेरी रंगाखाली काही म्हणजे काही लपत नाही. फ्यूजलाजचे (विमानाच्या धडाचे) दोन अर्धे चिकटवले की पाठीवरून आणि पोटाखालून जोडाची रेघ राहते. ती भरायची, मग ४०० चा पॉलिश पेपर, ८००, १५००, शेवटी ३००० (आकडा मोठा तितका कागद बारीक). त्यावर ग्लॉस काळा, तोही आरशासारखा लागला पाहिजे, आणि मग अ‍ॅल्युमिनिअमचा लॅकर. काळ्यात एक ओरखडा राहिला तर अ‍ॅल्युमिनिअम तो ठसठशीत दाखवतं. म्हणजे जे काम हाताला सोसत नाही तेच या रंगसंगतीत सर्वांत जास्त आहे.

१/३२ कडे वळावं असं एकाने सुचवलं. १/४८ चं मिग जेमतेम फूटभर भरतं, ते दीड फुटाच्या आसपास जाईल. पण भाग मोठे झाले की घासायचं क्षेत्रही वाढतं, त्यामुळे मला ते पटत नाही. कुणाचा अनुभव वेगळा असेल तर जरूर सांगा.

तर विचारायचं हे : घासताना आणि रंगवताना मॉडेल हातात न धरता कशात धरता? एअरब्रश बदलून खरोखर फरक पडतो का? आणि अंगठ्याला पट्टा बांधून काम करणारं कुणी आहे का, त्याने बारीक काम जमतं का?

प्रतिसाद

ताई, वडिलांना हाच त्रास आहे आणि ते अजून जहाजं करतात, तेव्हा धीर सोडू नका.

दांड्या आधी जाड करा. एसीच्या तांब्याच्या नळीवर काळं फोमचं आवरण असतं ना, ते एसी दुरुस्तीवाल्याकडे तुकड्यांत मिळतं. ब्रशवर, नाइफवर सरकवायचं. वडिलांनी पुढे एम-सील वापरलं. मळायचं काम मी केलं, त्यांनी ब्रशच्या दांडीवर तो गोळा बसवून नेहमीच्या पकडीत सैल हाताने धरला आणि वाळेपर्यंत ठेवून दिला. बोटांचे ठसे उमटलेली अशी तीन-चार हँडल्स त्यांच्याकडे आहेत. हातमोजा घालून करा, नाहीतर हाताला चिकटतं.

आणि चिमटा उलटा घ्या. दाबला की उघडतो आणि सोडला की स्वतःच धरून राहतो, तो. त्याने फोटो-एच धरून टेबलावर ठेवून दिला तरी चालतो. सोल्डरिंगला वापरतात तो मगरचिमट्यांचा स्टँडही घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात पासोड्या विठोबाजवळ मिळतो.

प्रतिसाद

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. मॉडेल्समधलं कळत नाही, अंगठ्याबद्दल सांगते.

चिमटीच्या टोकाशी जेवढा जोर लागतो, त्याच्या सुमारे १२ पट दाब अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर येतो. म्हणून हलकी वाटणारी वस्तूसुद्धा धरून ठेवली की दुखते, आणि म्हणूनच दांडी जाड केल्यावर बरं वाटतं. वरच्या प्रतिसादातला सल्ला अगदी योग्य आहे.

पट्ट्याबद्दल. औषधांच्या दुकानातला मनगटासकट बांधणारा लांब पट्टा बारीक कामाला अडचणीचा होतो. गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लॅस्टिकचा, फक्त अंगठ्याचं मूळ धरणारा आणि मनगट मोकळं ठेवणारा छोटा स्प्लिंट तुमच्या हातावर घडवून घ्या. अंगठ्याचं टोक मोकळं राहतं. ऑक्युपेशनल थेरपीचा विभाग असलेल्या सरकारी रुग्णालयांत तो करून मिळतो, मुंबईला हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेतही. जाताना तुमचा ब्रश आणि निपर बरोबर न्या. हातात अवजार धरलेलं पाहून स्प्लिंट केला तर कामाचा होतो.

कामाआधी हात कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवा. दुखायला लागल्यावर थांबू नका, त्याआधी थांबा. टायमर लावा. आणि सकाळी बोटं अर्ध्या-पाऊण तासाहून जास्त आखडलेली राहत असतील, किंवा मुठीचे सांधे सुजून गरम लागत असतील तर ती निव्वळ झीज नसू शकते. मग संधिवाताच्या तज्ज्ञांना दाखवा, उशीर करू नका.

प्रतिसाद

मिग-२१ आहे हे तुमचं नशीब. मागचं एक्झॉस्ट सरळ पोकळ नळकांडं आहे. लाकडी गोल दांडीला मास्किंग टेप गुंडाळत जा, आत घट्ट बसेपर्यंत, आणि दांडीचं दुसरं टोक टेबलाच्या व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरा. घासताना, रंगवताना मॉडेलला हात लावायची गरज नाही. व्हाइस सैल करून दांडी फिरवली की पोट वर येतं.

घासायला बॅटरीचे छोटे सँडर मिळतात, इलेक्ट्रिक टूथब्रशच्या जातीचे. ८०० च्या पुढे ते वापरा, कायम ओल्याने, आणि एका जागी थांबू नका, प्लॅस्टिक वितळतं. ४०० मात्र हातानेच करा, पण कागद रबरी ठोकळ्यावर लावून तळहाताने.

एअरब्रश पिस्तुलासारखा, ट्रिगरचा घ्या. इवाटा आणि ग्रेक्स दोघांचेही आहेत. सगळी मूठ धरते, चिमटी लागतच नाही. नळीचं वजनही हातावर येतं, ती वरून एका हुकात अडकवा. आणि एकाच पात्याचा निपर घ्या, निम्म्या जोरात कापतो. फक्त जाड स्प्रू (किटचे भाग ज्याला जोडलेले येतात ती प्लॅस्टिकची चौकट) त्याने कापू नका, पातं तुटतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दांडीची युक्ती वाचून लगेच किट उघडून पाहिला. एक्झॉस्टची नळी आत बऱ्यापैकी खोल जाते, म्हणजे जमणार. मागचा जळकट भाग आधी रंगवून, आत मऊ कापड गुंडाळून मग दांडी घालेन. एम-सीलसाठी भाचीला रविवारी बोलावलंय.

थेरपिस्ट ताई, सकाळचं आखडणं दहा-पंधरा मिनिटांत जातं आणि सूज नाही, त्यामुळे ती शंका वाटत नाही, तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारते. स्प्लिंटची माहिती मला कुणीच दिली नव्हती. त्यासाठी मुंबईला जायची तयारी आहे.

अडलंय ते एअरब्रशवर. ट्रिगरचा एअरब्रश स्वस्त नाही आणि हातात धरून पाहिल्याशिवाय घ्यायची हिंमत होत नाही. माझी मूठ लहान आहे. नाशिकला किंवा पुण्याला कुणाकडे असेल आणि नुसतं पाणी भरून मला थोडा वेळ चालवून बघू देणार असेल, तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. मी येईन. आणि ज्यांनी तो वापरलाय त्यांनी एवढं सांगा : काळ्या ग्लॉसचा एकसारखा ओला थर त्याने देता येतो का, की ट्रिगर ओढताना सुरुवातीला रंग एकदम सुटतो?